अभ्रकाच्या दोन चकत्या

माझ्या धाकट्या बहिणीने मला फसवलं, आणि आमच्या आईने तिला साथ दिली. मागच्या तान्ह्या पोळ्याची गोष्ट आहे. तेव्हापासून मी दोघींकडे एका साध्या प्रश्नाचं उत्तर मागतो आहे आणि दोघी मला चहा देतात.

भांडण बैलांच्या जोडीवरून आहे. बैल लाकडी आहेत. बाबांनी सागाच्या एकाच ओंडक्यातून ते कोरले, खाली चाकं लावली. एकाची मान किंचित डावीकडे वळलेली, दुसऱ्याची उजवीकडे. शेजारी उभे केले की एकमेकांच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखे दिसतात. वेगळे ठेवले की दोघंही नुसते भिंतीकडे पाहतात. बहिणीचं लग्न झालं तेव्हा बाबांनी एक बैल तिच्याबरोबर बुटीबोरीला पाठवला आणि एक माझ्याकडे ठेवला. आईला ते मुळीच आवडलं नाही.

"बैलाची जोडी काहून फोडली गा तुम्ही? एकटा बैल पाहून मले घास जात नाही," ती बाबांना म्हणाली.

मग तिनेच तोडगा काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो; लहान मुलं आपापले लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, घरोघरी फिरवतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे गोळा करतात. आईने सांगितलं, तुम्ही दोघांनी त्या दिवशी आपापला बैल सजवून आमच्या गल्लीत आणायचा. तिला जो आवडेल त्याच्या घरी पुढच्या श्रावणापर्यंत जोडी राहील. श्रावण लागला की दुसऱ्याने आपला बैल सजवायला घेऊन जावा. आमची मुलं मोठी होऊन नोकऱ्यांना लागली, बाबा गेले, पण आईचा हा कायदा चालू आहे. मैदानात चिमुकल्या पोरांच्या रांगेत आम्ही दोघं पिकलेल्या केसांचे भाऊ-बहीण बैल ओढत उभे असतो. लोक हसतात. हसू द्या.

जोडी कित्येक वर्षं माझ्याकडेच होती. कारण सरळ आहे. बहीण शिवणकाम करते. ती सुंदर झूल शिवायची, गोंडे लावायची. मी दिवे लावायचो. संध्याकाळच्या अंधारात झूल कोणाला दिसते?

मी दहावीनंतर शाळा सोडून मोटार वाइंडिंगच्या दुकानात लागलो. आज माझं स्वतःचं दुकान आहे. नरखेडकडचे संत्रावाले विहिरीवरच्या पंपांचे स्टार्टर-पॅनल माझ्याकडूनच करून नेतात. ते पोटापाण्याचं काम. शौक वेगळा आहे. घरी खिडकीपाशी माझं एक टेबल आहे. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि वायरींचा गुंता. तिथे मी बारक्या विजेशी खेळतो. आणि सगळ्यात माझा जीव आहे तो कमी-जास्त करता येणाऱ्या रेग्युलेटरवर. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, पाठीला धातूची पट्टी, खाली तीन पाय. एका पायातून वीज आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते, आणि बाहेर किती सोडायची ते तिसरा पाय ठरवतो. त्या पायाला फिरवायचं बटण जोडलं की दिवा हवा तेवढा मंद, हवा तेवढा तेज.

मी जन्मभर भाव पाडत आलो आहे. भाजीवाला, पत्रेवाला, लग्नाचा मंडपवाला, कोणाचाही पहिला आकडा मी मान्य केलेला नाही. म्हणूनच असेल, या तुकड्याचं मला कौतुक वाटतं. एकदा बटण फिरवून त्याला सांगितलं की बाहेर तीन व्होल्ट, तर आत बारा द्या, चौदा द्या, तो तीनवरच अडून बसतो. जास्तीची वीज तो स्वतःच्या अंगात जिरवतो आणि तापतो. तापतो, पण शब्द बदलत नाही. माझ्या ओळखीत अशी माणसं नाहीत.

तर मागच्या श्रावणात बहीण आपला बैल न्यायला आली. बैल स्कूटीवर पाय ठेवायच्या जागी बांधून झाल्यावर ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"दादा, मले एक दिवा करून दे ना. शिलाई मशीनवर लावाले."

"बाजारात भेटते की तयार."

"तो एकच उजेड देते. काळ्या कपड्यावर धागा दिसत नाही, पांढऱ्यावर डोळे दिपते. मले कमी-जास्त होणारा पाहिजे. तुह्या हातचा पाहिजे."

तुह्या हातचा! मी विरघळलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "करून देणार नाही," मी म्हणालो. "शिकायचं असन तर शिकवीन. पण फुकट नाही."

"सख्ख्या बहिणीले?"

"सख्ख्या बहिणीलेच. परक्याले मी शिकवतच नाही. दर रविवारी सांबारवडी आणायची."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिची जुडीच्या जुडी चिरून, मसाला घालून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळली की सांबारवडी होते. माझ्या बहिणीच्या हातची खाल्ली तर माणूस तिच्याशी भांडण विसरतो. म्हणूनच हे मी जेवणाआधी लिहीत आहे.

"दादा, पावसाळ्यातला सांबार पाह्यला का तू? जुडी म्हणजे चार काड्या अन् बाकी चिखल. एक रविवार वडी, एक रविवार भजे."

"सगळे रविवार वडी. अन् सोबत कढी."

"बरं."

इथेच मला कळायला हवं होतं. जी बाई चार मिरच्या वरून घेण्यासाठी भाजीवाल्याला घाम फोडते, ती एका झटक्यात 'बरं' म्हणते? पण मी जिंकल्याच्या आनंदात होतो.

ते रविवार फार मजेत गेले, हे मला कबूल केलंच पाहिजे. लहानपणी आम्ही एका कंदिलाजवळ अभ्यास करायचो, तसे खिडकीपाशी डोकं लावून बसायचो. आई पलंगावरून पाहायची. पहिल्याच दिवशी बहिणीने पायांची अदलाबदल केली आणि रेग्युलेटर तापून वास सुटला. "मेला!" ती ओरडली. मी तिला जोरात रागावलो, आई मला त्याहून जोरात रागावली. पण हात तिचा शिवणाऱ्याचा. दुसऱ्या रविवारी तिचं सोल्डर माझ्यापेक्षा सुबक होतं.

"टाकाच आहे हा," ती म्हणाली. "फक्त गरम आहे."

प्रश्न फार विचारायची. पाठीवरच्या पट्टीला हात लावला तर काय होईल, असं तिने एकदा विचारलं.

"पोळेल. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे," मी सांगितलं. "ही पाठ आतून बाहेरच्या पायाले जोडलेली असते. जी वीज बाहेर जाते तीच पाठीवर. तो थंड राहावा म्हणून आपण त्याले अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कसतो. एकटा असला तर खुशाल कस. पण एकाच पत्र्यावर दोन कसले, तर दोघांच्या पाठी पत्र्यातून जुळतात. मंग ह्याची वीज त्याच्यात. म्हणून मधात अभ्रकाची चकती घालायची. गरमी जाऊ देते, वीज जाऊ देत नाही."

"म्हणजे अस्तर."

"हो, अस्तर."

मी तिला काड्यापेटी उघडून दाखवली. आत दोनच चकत्या उरल्या होत्या. पातळ, काचेसारख्या, मधोमध स्क्रूचं भोक. तिने एक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, इकडून तिकडून फिरवली. "किती छान चमकते वं माय," ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "ठेव, त्याची वस्तू आहे."

आणखी एका रविवारी तिने विचारलं, बटण लांब ठेवलं तर चालेल का. मी विचारलं, किती लांब. ती म्हणाली, मांडीपाशी पाहिजे, शिवता शिवता फिरवता येईल असं. मी भोळा माणूस. मी तिला सांगितलं, लांब वायर घे, पण दोन्ही वायरींना चांगला पीळ घाल, आणि रेग्युलेटरच्या पायाशी एक बारका कपॅसिटर लाव, म्हणजे दिवा थरथरणार नाही. तिने पीळ घालून दाखवला. मी शाबासकी दिली. हे मी माझ्या तोंडाने, माझ्या टेबलावर, कढी पीत सांगितलं.

माझ्या बैलाचा बेत त्या वर्षी मोठा होता. डोळ्यांत लाल दिवे, आणि मान हलवणारी मोटार. डोळ्यांना तीन व्होल्ट, मोटारीला सहा; म्हणजे दोन रेग्युलेटर. एका रविवारी वडी खाता खाता मी हे बहिणीलाही सांगून बसलो होतो. सामान आणायला मी बर्डीवरच्या बाजारात गेलो. तिथला दुकानदार मला पाहूनच पाण्याचा ग्लास भरतो, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

"दोन रेग्युलेटर घेतो आहे. पत्रा वरून दे," मी म्हणालो.

"काका, पत्रा काय सांबार आहे का, वरून द्याले?"

"मंग शेजारच्या दुकानात जातो."

"जा ना. त्यानंच तुम्हाले मागच्या वेळी इकडं पाठवलं."

बराच आरडाओरडा झाला. दोन गिऱ्हाइकं मजा पाहत थांबली. शेवटी त्याने कपाळाला हात लावला आणि एक पत्रा माझ्या पिशवीत टाकला. एकच. मला तो पुरेसा होता. "दोन्ही ह्याच्यावर कसणार? मंग अभ्रक घ्या," तो म्हणाला. मी म्हणालो, "घरी आहे." माझ्या घरी होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी बहीण बुटीबोरीहून आली. तिने बैल चादरीत गुंडाळून आणला होता आणि कोणाला हात लावू देत नव्हती. आम्ही सगळे मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो. पिवळी मारबत, बाईचा उंच पुतळा, समोर आली, लोक आपापल्या घरातली पीडा घेऊन जायला तिला सांगत होते, आणि गर्दीत माझी बहीण दोन्ही हात वर करून ओरडली, "दादाचा राग घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी तिला साथ दिली. मी पण हसलो. राग गेला नाही, पण हसलो.

दुपारी मी सगळं बैलावर बसवायला घेतलं. टेबलावर सुटं सुटं जोडून पाहिलं होतं, झकास चालत होतं. आता दोन्ही रेग्युलेटर पत्र्यावर कसायचे होते. काड्यापेटी उघडली. रिकामी.

मी टेबल पालथं घातलं. बायकोला विचारलं, आईला विचारलं. बहीण अंगणात चादरीआड काहीतरी करत होती, ती म्हणाली, "नीट पाह्य, असन तिथंच." सणामुळे दुकानं बंद. मग मी स्वयंपाकघरातून दुधाची रिकामी पिशवी घेतली, तिचे दोन तुकडे कापले आणि अभ्रकाच्या जागी घातले.

"धुऊन तरी घ्या," बायको म्हणाली.

स्क्रूंना वायरीचं सालटं चढवलं, मीटर लावून पाहिलं. वीज इकडची तिकडे जात नव्हती. सगळं झुलीखाली झाकलं आणि मी मिशीवर हात फिरवला.

संध्याकाळी आई गल्लीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पोरं धोतरं नेसून, काजळाच्या मिशा काढून आपापले बैल घेऊन फिरत होती. माझा बैल निघाला. लाल डोळे, डुलणारी मान. पोरं आपले बैल सोडून माझ्यामागे धावली. मी आईसमोर उभा राहिलो. आई कौतुकाने पाहत होती, आणि मला जोडी माझ्या बैठकीत उभी दिसत होती.

पण मोटारीचा रेग्युलेटर तापत होता. वर जाड झूल, वारा नाही. दुधाची पिशवी ती, अभ्रक नव्हे, वितळली. दोघांच्या पाठी जुळल्या आणि मोटारीचे सहा व्होल्ट थेट डोळ्यांत गेले. बैलाने एकदम असे डोळे वटारले की पुढचं पोरगं मागे पडलं. मग फट्. फट्. दोन्ही डोळे गेले. मोटारीला मात्र काही झालं नव्हतं. अंधारात बैल मान हलवतच होता.

"याले काय झालं गा?" आई म्हणाली. "आंधळा झाला तरी हो-हो करून राह्यला."

सगळी गल्ली हसत सुटली. बहीण हसता हसता भिंतीला टेकली. "दादा, रामदासपेठेत ने त्याले! लय डोळ्याचे डॉक्टर आहेत तिथं!"

मी झूल उचलून फुंकर घालत होतो तेवढ्यात तिने आपला बैल आणला. त्याच्यावर एकही दिवा दिसत नव्हता. मान हलत नव्हती, घुंगरू नव्हता. निळी झूल, कपाळावर गोंड्यांची पट्टी, आणि हातात त्याचा कासरा. ती आईसमोर येऊन नुसती उभी राहिली. पोरं चुळबुळायला लागली. आणि मग बैलाने डोळे उघडले.

एकदम नाही. झोपेतून उठल्यासारखे, हळूहळू. आधी उजेडाची नुसती शंका, मग फिकट पिवळेपणा, मग तो वाढत वाढत आईच्या चेहऱ्यावर आला. थोडा वेळ बैल आईकडे पाहत राहिला. मग तसाच मंद होत होत त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले. आई खुर्चीतून उठली, जवळ गेली आणि तिने त्याच्या नाकावर हात ठेवला.

"हा श्वास घेऊन राह्यला," ती म्हणाली. निकाल लागला.

मी पुढे होऊन कासरा हातात घेतला. सुती दोरीच्या वेणीत पीळ घातलेल्या दोन वायरी विणून घेतल्या होत्या, आणि टोकाला, मुठीत मावेल असं, फिरवायचं बटण. शिलाई मशीनचा दिवा! झूल उचलली. खाली रेग्युलेटर, त्याच्या पायाशी बारका कपॅसिटर, सगळं माझ्या शिकवणीप्रमाणे. मी ओरडलो. फसवणूक आहे, म्हणालो. गल्लीभर ऐकू गेलं.

"मीच सांगतलं तिले," आई शांतपणे म्हणाली. "जोडी इतक्या वर्षांपासून तुह्याच घरी. म्हटलं, जा, त्यालेच विचार. त्याले शिकवाची लय हौस आहे."

म्हणजे निकाल देणारीच सामील! पण ते मी सोडून दिलं असतं. खरंच सोडून दिलं असतं. ते डोळे उघडताना मीही श्वास रोखून उभा होतो. बाबांनी पाहायला हवं होतं असं मला वाटलं, आणि माझ्या शिकवणीतून ते आलं याचा मला आतून अभिमान वाटला. मी कासरा परत द्यायला गेलो आणि माझी नजर बैलाच्या कपाळावर गेली. गोंड्यांच्या पट्टीवर, दोन्ही बाजूंना, दोन चमकत्या गोष्टी टाचल्या होत्या. मधल्या भोकातून दोरा घेऊन, आरसे शिवतात तशा. माझ्या अभ्रकाच्या चकत्या.

"आरशासारख्या दिसल्या म्हणून घेतल्या," ती म्हणाली. "डोळे उघडले की चमकते. पाह्य ना."

चमकत होत्या. सुंदर चमकत होत्या.

आता जोडी बुटीबोरीला आहे. मी बहुतेक रविवारी तिथे जातो, पंपाचं काम आहे असं सांगून. माझ्या बैलाला मी नवे डोळे बसवले, दोन रेग्युलेटर, दोन वेगळे पत्रे. दुसरा पत्रा मिळवताना बर्डीवाल्याने माझ्याकडून पूर्ण भाव घेतला आणि दुकानातल्या सगळ्यांना पेढा दिला. बहिणीने माझ्या बैलालाही तसाच कासरा विणला. तिच्या बैठकीत पडदे ओढून आम्ही दोघं दोन कासरे धरून बसतो आणि बैल एकमेकांकडे पाहून डोळे उघडतात, मिटतात. तिचे यजमान बिचारे चहा घेऊन दारात उभे असतात. आत यावं की नाही त्यांना कळत नाही. आईलाही कधी सोबत नेतो. ती म्हणते, आता घास जाते.

पण याचा अर्थ मी विसरलो असा नाही. बहिणीने स्वतः माझ्याकडून शिकलं होतं की दोन रेग्युलेटर एका पत्र्यावर असले तर चकत्या लागतात, नाहीतर वीज इकडची तिकडे जाते. माझ्या बैलाला दोन लागणार, हे तिला ठाऊक होतं. काड्यापेटीत दोनच होत्या, हेही तिने पाहिलं होतं. आरसे तिच्या शिवणाच्या डब्यात भरपूर पडले आहेत. ते मी स्वतः पाहिले आहेत. आणि मी टेबल पालथं घालत होतो तेव्हा "नीट पाह्य, असन तिथंच" म्हणणारी तीच होती, चकत्या शेजारच्या चादरीआड होत्या, आणि आई मधे बसून वाती वळत होती.

चमकतात म्हणून घेतल्या असतील, तर जोडी तिची. मी हूं की चूं करणार नाही. माझा बैल आंधळा व्हावा म्हणून घेतल्या असतील, तर जोडी माझी, आजच्या आज. श्रावण जवळ आला आहे. मला आता चहा नको, वडी नको. बाई, बैलांच्या समोर उभी राहून सांग, चकत्या कशासाठी नेल्या? आणि माय, तू वाती वळता वळता हसत होतीस ते मी पाहिलं आहे. ती सांगत नसेल तर तू सांग.